मेपल सिरप स्पेशल: गढूळ का दिसतं आणि वास का मारतं

फेब्रुवारी संपत आला की व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, ऑन्टॅरिओ, क्यूबेक इकडच्या मराठी घरांतून साधारण एकाच पठडीतली पत्रं यायला लागतात. रात्री शून्याखाली आणि दिवसा चार-पाच डिग्री अशी हवा लागली की मेपलचा रस, म्हणजे इकडे सगळे सॅप म्हणतात तो, वाहायला लागतो, मागच्या अंगणात एखादं शुगर मेपलचं झाड असतंच, शेजारचे आजोबा बादल्या टांगताना दिसतात, मग आपणही एक भोक पाडून, रस आटवून सिरप करून बघू म्हणून सुरुवात होते, आणि मग रात्री बारा वाजता गढूळ सिरपचं पातेलं समोर ठेवून मला ईमेल.

यावेळी सगळी पत्रं एकत्र घेतलीयत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे: गाळल्याने सिरपमधली रेती जाते, बिघडलेली चव जात नाही. चव बिघडते ती झाडात, बादलीत, पातेल्यात नाहीतर फडक्यात. तिथे लक्ष द्यायचं सोडून लोक गाळणीवर गाळण्या लावत बसतात.

प्रश्न: काकू, यंदा पहिल्यांदाच घरी सिरप केलं. आधी सॅप गाळून घेतला, मग तयार सिरप चहाच्या गाळणीतून आणि नंतर मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळलं. बाटलीत भरलं तेव्हा मस्त सोनेरी दिसत होतं. दोन दिवसांनी बघते तर तळाशी बोटभर पांढरट गाळ, आणि चाखला तर दातांत कचकचतो. माती गेली का आत? फेकून देऊ का सगळं? (बर्लिंग्टन, व्हरमाँट)

अजिबात फेकू नका, ती माती नाही. त्याला इकडे शुगर सँड म्हणतात, जुनी मंडळी नायटर म्हणतात. मुख्यतः कॅल्शियम मॅलेट असतं ते. सफरचंदाला आंबटपणा येतो ना मॅलिक अ‍ॅसिडने, तेच अ‍ॅसिड मेपलच्या सॅपमध्येही असतं आणि झाडाने जमिनीतून घेतलेलं कॅल्शियमही असतं. सॅपमध्ये हे सगळं विरघळलेलं असल्यामुळे दिसत नाही. पण सॅपमध्ये साखर असते जेमतेम २ टक्के आणि सिरपमध्ये ६६-६७ टक्के, म्हणजे चाळीसेक लिटर आटवल्यावर लिटरभर हाताशी येतं, आणि पाणी उडत गेलं तसे ते क्षारही दाट होत जातात, मग एका टप्प्याला त्यांना विरघळून राहायला जागाच उरत नाही आणि ते बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतात. म्हणून सॅप आधी गाळून फक्त काड्या, साली आणि बुडालेले किडे निघतात. ते जरूर काढा, पण रेती त्यावेळी जन्मालाच आलेली नसते. खरं गाळणं सिरप तयार झाल्यावरच, आणि गरमच.

आता मलमल. मलमलीची भोकं या कणांसाठी दरवाज्याएवढी मोठी. उलट कॉफी फिल्टर इतका बारीक की चार चमचे जातात आणि मग तो गच्च होऊन बसतो, वर सिरप गार होऊन घट्ट होतं आणि तुम्ही तिथे उभ्या. घरगुती कामाला सगळ्यात बरा तो सिंथेटिक फेल्टचा शंकूसारखा फिल्टर, ऑर्लॉनचा म्हणून मिळतो, आणि त्याच्या आत घालायचे पातळ प्री-फिल्टर. लोकरीचाही मिळतो, त्याबद्दल पुढे बोलूच.

पद्धत अशी. फिल्टर आणि प्री-फिल्टर गरम पाण्यात भिजवून घ्या, हाताने हलकेच दाबून जादा पाणी काढा. कोरड्या फिल्टरमध्ये सिरप नुसतं शोषलं जातं आणि खाली थेंब पडायला युगं लागतात, हे भिजवणं बरेच लोक विसरतात. फिल्टर एखाद्या उंच पातेल्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी नीट टांगा, आत दोन-तीन प्री-फिल्टर एकात एक बसवा. सिरप तयार झालं की लगेच, उकळतं असतानाच ओता आणि वर झाकण ठेवा म्हणजे ऊब टिकते. थोड्या वेळाने वरचा प्री-फिल्टर चिखलाने भरल्यासारखा दिसतो आणि सिरप खाली उतरायचं थांबतं, तेव्हा त्याची कड धरून अलगद उचला आणि त्यातलं सिरप खालच्या ताज्या प्री-फिल्टरमध्ये सोडा. परत चालू. आणि कितीही मोह झाला तरी फिल्टर पिळायचा नाही. पिळला की अडकलेली रेती दाबून खाली जाते आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात.

एवढं करूनही बाटली धुरकट दिसते अशी तक्रार करणारे चार-पाच जण आहेत, त्यांचा घोळ वेगळाच आहे. गाळलेलं सिरप बाटल्या भरण्याआधी परत गरम करतात ते ठीक, पण ते परत खदखदवतात. ८८ अंश सेल्सियसच्या, म्हणजे १९० फॅरनहाइटच्या वर नेलं की नवी रेती तयार व्हायला लागते. बाटलीत भरायला ८२ ते ८५ पुरे, म्हणजे १८० ते १८५ फॅरनहाइट. त्या तापमानाला गरम बाटलीत भरा, झाकण लावा, बाटली एकदा आडवी करा म्हणजे झाकणाच्या आतली बाजूही त्या उष्णतेने निर्जंतुक होते.

तुमच्याकडे आत्ता जे आहे त्याचं काय? काही दिवस फ्रिजमध्ये न हलवता ठेवा, गाळ खाली बसू दे, वरचं स्वच्छ सिरप हळूच दुसऱ्या भांड्यात काढा, वर सांगितलंय तेवढंच गरम करून परत भरा. तळाचं उरलेलं खायला काहीच हरकत नाही, फक्त कचकच. ते पाव किंवा केकच्या पिठात ढकलून द्या, कुणाला कळणार पण नाही.

प्रश्न: थर्मामीटरवर बरोब्बर १०४ झाल्यावर गॅस बंद केला तरी सिरप पातळच राहिलं. थर्मामीटर खराब का? (हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ)

असेलही, पण आधी हवेला दोष द्या. पाणी रोज बरोबर १०० लाच उकळतं असं नाही, हवेचा दाब आणि तुमच्या गावाची उंची यावर ते खाली-वर होतं. सिरप तयार होतं ते त्या दिवशी तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतंय त्याच्या ४ अंश सेल्सियस (७ फॅरनहाइट) वर. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने शेजारी थोडं साधं पाणी उकळून बघा आणि तिथून मोजा. सपाट उलथणं सिरपमध्ये बुडवून उभं धरलं की थेंब सुटे न पडता एकमेकांना धरून पडद्यासारखे खाली येतात, ती खूण चांगली आहे, पण नजर बसायला वेळ लागतो. खरी खात्री हायड्रोमीटरनेच होते, म्हणजे सिरपमध्ये तरंगत ठेवून त्याचा दाटपणा मोजायची काचेची नळी.

पातळ राहिलं की सिरप आंबतं नाहीतर बुरशी धरतं, आणि जास्त घट्ट झालं की फिल्टरमधून उतरत नाही आणि पुढे बाटलीत खडीसाखरेसारखे खडे होतात. ते खडे पारदर्शक आणि कडक असतात, वरच्या पत्रातला गाळ मऊसर पांढरट असतो, दोन्हींची गल्लत करू नका. खडे झाले तर त्यात काही बिघडलेलं नसतं.

प्रश्न: मागच्या वर्षीचा फिल्टर स्वच्छ दिसावा म्हणून मशीनला लावला, ड्रायरमधून वाळवून ठेवला. या वर्षीच्या सिरपला मंद परफ्युमचा वास येतोय. घरातले खात नाहीयेत. परत उकळून वास जाईल का? (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर)

नाही जाणार हो. साबण, फॅब्रिक सॉफ्टनर, ड्रायर शीट, यातलं काहीही फिल्टरच्या जवळपास जाता कामा नये. फेल्टचं काम म्हणजे बारीकसारीक धरून ठेवणं, मग तो साबणही तितक्याच इमानाने धरून ठेवतो आणि पुढच्या वर्षी उकळतं सिरप आलं की सगळं सोडून देतो. ब्लीचचं तेच. फिल्टर धुवायचा तो नुसत्या गरम पाण्याने, उलटा करून, बाहेरच्या बाजूने पाणी सोडायचं म्हणजे आत अडकलेली रेती सुटून येते. वापरल्यावर लगेच. पिळायचा नाही, पिळला की धागे फाकतात आणि फिल्टर कायमचा ढिला पडतो. वाऱ्यावर टांगून खडखडीत वाळवा.

वाळवण्यात आळस केला की दुसरं दुखणं, कोंदट वास. अर्धवट ओला फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेसमेंटमध्ये ठेवला की पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेल्या गोधडीसारखा वास धरतो, आणि सिरप त्यातून एकदा गेलं की संपलं, तळघराची चव येते. लोकरीच्या फिल्टरला ही भीती जास्त, त्यात लोकरीला कसर लागेल म्हणून काही जण डांबराच्या गोळ्या ठेवतात, ते तर कधीच करू नका. लोकरीचा नवा फिल्टर आणला असेल तर आधी साध्या पाण्यात उकळून घ्या, नाहीतर पहिल्या घाण्याला मेंढीची आठवण येईल. आणि दरवर्षी सीझनच्या आधी फिल्टर नाकाला लावून वास घ्या, हसू नका, याच्याएवढी चांगली टेस्ट नाही. शंका आली तर टाकून द्या, फिल्टर सिरपपेक्षा स्वस्त आहे.

ज्यांनी श्रीखंडाचं फडकं वापरू का म्हणून विचारलंय त्यांनाही हेच उत्तर. चक्का टांगून टांगून त्याला जो वास बसलाय तो तुम्हाला येत नसेल, सिरपला येतो.

प्रश्न: आमचं मूळ गाव कोल्हापूरकडचं. गुऱ्हाळात काहिलीत भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात, मळी वर येते, ती काढली की रस कसा नितळ होतो. मेपलला हे चालेल का? (अ‍ॅन आर्बर, मिशिगन)

प्रश्न आवडला. पण नाही चालणार, आणि का ते सांगते. उसाच्या रसात तंतू, प्रथिनं, मेण असलं बरंच काही तरंगत असतं, भेंडीचा चिकट द्रव त्या कणांना एकत्र बांधतो आणि उकळीबरोबर वर आणतो, मग झाऱ्याने काढायचं. मेपलचा सॅप मुळात पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यात गढूळपणा येतो तो शेवटी शेवटी, क्षार बाहेर पडायला लागल्यावर, आणि ते कण जड असल्यामुळे वर यायच्या ऐवजी खाली बसतात. भेंडीने त्यांना काही फरक पडणार नाही, वर भेंडीची चव राहील. पूर्वी इकडेही लोक सिरप नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक नाहीतर दूध घालायचे. तेव्हा बरे फिल्टर नव्हते, आता आहेत, तर कशाला.

मोठे शुगरहाऊसवाले, म्हणजे सिरप बनवण्याचे कारखाने चालवणारे, फिल्टर प्रेस वापरतात, त्यात सिरपमध्ये डायाटोमेशियस अर्थ नावाची पांढरी पावडर मिसळून दाबाने गाळतात आणि काचेसारखं सिरप मिळतं. घरी कुणी हा प्रयोग करणार असेल तर पावडर फूड ग्रेडचीच घ्या, स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठी दुकानात मिळते ती खाण्याच्या कामाची नाही, आणि कुठलीही असली तरी तिची धूळ नाकात जाऊ देऊ नका.

प्रश्न: मार्चच्या सुरुवातीला केलेलं सिरप अप्रतिम होतं. एप्रिलमध्ये त्याच झाडांचं, त्याच भांड्यात, त्याच फिल्टरने केलेलं सिरप विचित्र लागतंय, स्वस्तातल्या चॉकलेटच्या गोळीसारखं काहीतरी आणि मागे उग्र चव. नवरा म्हणतो नीट गाळलं नाहीस. (शेरब्रुक, क्यूबेक)

नवऱ्याला सांगा गाळण्याचा काही संबंध नाही. याला इकडे बडी म्हणतात, म्हणजे कळ्यांची चव. झाडाला पालवी फुटायची वेळ झाली की कळ्या फुगायला लागतात आणि झाड सॅपमध्ये वेगळी द्रव्यं सोडायला लागतं, अमिनो आम्लांचं प्रमाण बदलतं आणि उकळल्यावर ती चव उमटते. सॅप दिसायला अगदी नेहमीसारखा असू शकतो, फसायला होतं ते त्याच्यामुळेच. पण पातेल्यावर वाफ आली की नाक पुढे करा, नेहमीचा गोड वास न येता काहीतरी खटकणारं येतं. शंका असेल त्या दिवशी आधी वाटीभर सॅप वेगळा उकळून वास घ्या, मग बाकीच्यासाठी लाकडं नाहीतर गॅस जाळा. दुर्बीण असेल तर कळ्याही बघा. रेड आणि सिल्व्हर मेपलच्या कळ्या शुगर मेपलच्या आधी फुटतात, त्यामुळे अंगणात मिश्र झाडं असतील तर त्यांच्या बादल्या आधी उतरवा. तशीही त्यांच्या सॅपमध्ये साखर बहुतेक वेळा कमीच असते. ८६ ला साखरेच्या टक्क्याने भागलं की एक लिटर सिरपला किती लिटर सॅप लागेल ते निघतं, २ टक्क्यांना ४३ आणि दीड टक्क्याला ५७. सीझनच्या शेवटी एवढं जाळून वर बडी सिरप मिळवण्यात काय हशील.

याच्या आधीचाही एक प्रकार असतो, सीझनच्या मध्यावर अचानक दोन-चार दिवस गरम गेले की सिरप पुठ्ठ्यासारखं, लाकडासारखं किंवा शिळ्या पॉपकॉर्नसारखं लागतं. तेही झाडाचंच काम. हवा परत गार झाली की पुढचा सॅप चांगला येऊ शकतो.

आणि हो, सिरप गडद झालं म्हणजे बिघडलं असं मात्र नाही! सीझन पुढे सरकतो तसे सॅपमध्ये जंतू वाढतात, ते सुक्रोज फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात आणि त्याने रंग जास्त चढतो. गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क या चारही ग्रेड ए च्याच जाती आहेत. मला स्वतःला डार्कच आवडतं, गोल्डन फारच सभ्य लागतं.

प्रश्न: ऑफिसमुळे फक्त शनिवारी उकळायला जमतं. आठवडाभराचा सॅप गॅरेजमध्ये बादल्यांत साठवतो. (रेस्टॉरंटमधून फुकट मिळालेल्या लोणच्याच्या बादल्या आहेत, स्वच्छ धुतल्यात.) सिरप आंबूस आणि जरा बुळबुळीत झालं. कुठे चुकलं? (अल्बनी, न्यूयॉर्क)

बादल्यांतच चुकलं, आणि दोनदा. सॅपला दुधासारखं वागवायचं. दूध गॅरेजमध्ये आठवडाभर ठेवाल का? ३-४ अंशांच्या खाली ठेवला तर काही दिवस निभतो, त्याच्या वर गेला की जंतू जोमात. बाहेर बर्फ असेल तर बादल्या बर्फात गाडा, सावलीत, घराच्या उत्तरेला. गॅरेजमध्ये गाडी येऊन उभी राहिली की इंजिनच्या उबेनेच दोन अंश वाढतात आणि पेट्रोलचा वास फुकट. रात्री वर गोठलेला बर्फ काढून टाकला तरी चालतं, साखर बहुतेक खालच्या पाण्यात राहते. सॅप दुधी, पिवळट किंवा तार सुटणारा दिसला तर ओतून द्या, तो उकळून जंतू मरतील पण त्यांनी केलेला आंबूसपणा आणि तो बुळबुळीतपणा तसाच राहतो.

दुसरं म्हणजे लोणचं. प्लास्टिक लोणच्याचा वास कधीच सोडत नाही, कितीही घासा, त्यातून चाळीसपट आटवणार म्हटल्यावर तो वासही तेवढाच दाट होतो. फूड ग्रेड बादलीच पाहिजे हे बरोबर, पण आधी त्यात काय होतं तेही बघा. कचऱ्याच्या पिशव्यांत सॅप साठवणारेही आहेत, त्या खाण्यासाठी बनवलेल्याच नसतात. झाडाला लावायची तोटीही दर सीझनला नवी घ्या, जुन्या तोटीतले जंतू थेट भोकात जातात.

प्रश्न: उकळताना फेस उतू जातो, शेजारीण लोण्याचा खडा टाकते. आम्ही तूप टाकलं तर? आणि बाजारातल्या सिरपमध्ये डुकराची चरबी असते असं कुणीतरी म्हणालं, खरं का? (मिसिसागा)

तूप चालेल, पण थेंब म्हणजे थेंब, फोडणीचा चमचा नाही. फेस खाली बसला की थांबायचं. जास्त झालं तर सिरपवर तवंग येतो आणि काही महिन्यांत खवट लागतं. खारं लोणी नको, आणि जुनं वास येणारं तूप तर नकोच. पूर्वी पातेल्यावर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगायचे, फेस तिथवर चढला की त्याला लागून खाली बसायचा, ही गोष्ट खरी आहे. आता बहुतेक जण वनस्पती तेल नाहीतर विकतचं डिफोमर वापरतात. शाकाहारी असाल आणि ओळखीच्या शुगरहाऊसमधून घेत असाल तर सरळ विचारा, लोक सांगतात.

थोडक्यात उत्तरं

जुन्या बाजारातून सुंदर पत्र्याच्या बादल्या आणल्यात त्यांना: शोभेला ठेवा, त्यात फुलं लावा. जुन्या बादल्यांच्या आणि पातेल्यांच्या डागकामात शिसं असायचं, आणि सॅप त्यात तासन्‌तास राहतो. स्टेनलेस स्टील घ्या.

सिरपला करपल्याचा वास येतो त्यांना: पातेल्यात कायम निदान दीड-दोन इंच सॅप ठेवा आणि शेवटचा टप्पा लहान भांड्यात, मंद आचेवर, तिथून न हलता. तळाला लागलेलं खरवडून ढवळलं तर सगळंच गेलं, त्यापेक्षा वरचं अलगद ओतून घ्या आणि चाखून ठरवा.

किचनमध्ये पूर्ण चाळीस लिटर आटवणाऱ्यांना: वाफेने भिंतींवर चिकट थर बसतो आणि वॉलपेपर सुटतो. बाहेर आटवा, शेवटचं तेवढं आत आणा. आणि त्या दिवशी फोडणी, मासे काही नको, सिरप वास उचलतं.

पुण्याहून ज्यांनी विचारलंय की मुलीने पाठवलेली बाटली उघडून कपाटात ठेवली आणि वर बुरशी आली, काढून वापरू का: टाकून द्या. जुन्या पद्धतीत बुरशी काढून परत उकळायचे, पण मी तसं करा म्हणणार नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच, पुढची काचेची पाठवायला सांगा, प्लास्टिकच्या जगमधून हवा आत जाते आणि रंग हळूहळू काळपटतो.

पातेल्याच्या तळाला पांढरा कडक थर बसलाय त्यांना: तीच रेती आहे. घासणी मोडू नका, साधा पांढरा व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा, सकाळी सुटतं. मग भरपूर गरम पाण्याने विसळा, दोन-तीनदा, नाहीतर पुढच्या महिन्यात व्हिनेगरचा वास येतो म्हणून तुमचंच पत्र येईल.